लिस्बनमधली पाखाडी

रत्नागिरी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

लेकाला घेऊन वर्षभरासाठी लिस्बनला चाललीस, वाचून फार बरं वाटलं. बघायच्या ठिकाणांची यादीही वाचली. मनोरा, राजवाडे, मत्स्यालय सगळं बघा, पण ते नंतर. चार वर्षांच्या पोराला आधी घराजवळच्या दोन-तीन गल्ल्या पाठ होऊ देत.

माझी लेक पाच वर्षांची असताना आम्ही तिथे राहिलो. पहिल्या आठवड्यात मी तिला रोज कुठे ना कुठे ओढत नेलं. शेवटी एका ट्रॅमच्या थांब्यावर तिने बसकण मारली, उठायचं नाव घेईना. समोर बेकरी होती. गिऱ्हाइकाने आत काहीतरी मागितलं आणि ही ताडकन उठली. "आई, ते पाव म्हणाले!"

ते म्हणाले होते 'पाउं'. पण पोरीने बरोबर ओळखलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आमचं फिरणंच पालटलं. भाजीच्या दुकानात 'बताता', साबणाला 'सबाउं', बादलीला 'बाल्द', काजूला 'कजू'. पैसे भरायच्या यंत्रावर चक्क 'पगार' लिहिलेलं. तिथे त्याचा अर्थ पैसे देणं. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला आले तेव्हा यातले बहुतेक शब्द इकडे उतरले, काजूचं झाडही त्यांनीच ब्राझीलहून आणलं. लेकाला इतिहास सांगत बसू नकोस. शब्द त्याचा त्याला सापडू दे, मग तो विचारेलच.

आल्फामा या जुन्या वस्तीत मात्र जरूर जा. 1755च्या भूकंपात खालचं शहर कोसळलं आणि मग सरळ रेघेत नव्याने बांधलं गेलं. आल्फामाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या बऱ्याचशा टिकल्या. तिथल्या पायऱ्या बघून तुला आपली पाखाडीच आठवेल. फक्त जांभ्याऐवजी पांढरे गुळगुळीत चिरे, आणि पाऊस पडला की ते शेवाळल्यासारखे निसरडे होतात. बाबागाडी नेऊ नकोस, बुटाचा तळ खरखरीत हवा. खिडक्यांतून कपडे वाळत असतात, जूनमध्ये दारात निखाऱ्यावर सार्डिन भाजतात. आपल्या तारलीचीच भावंडं ती. वासानेच तो थांबेल. थांबू दे. अर्धा तास गेला तरी चालेल, त्याला 'चल चल' करू नकोस, एवढं माझं ऐक.

खारवून सुकवलेला कॉड मासा दुकानात फळ्यांसारखा रचून ठेवतात. आपल्या सुक्या बाजारातून फिरलेलं पोर तिथे नाक मुरडणार नाही.

28 नंबरच्या ट्रॅमला फार गर्दी, पाकीटमारही असतात. बसायचंच तर सकाळी लवकर. त्यापेक्षा नदीपलीकडे कासिल्याशला जाणारी बोट घ्या. दहा मिनिटांचा प्रवास, तिकीटही फार नाही. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जाताना तू लहानपणी कठडा सोडायची नाहीस, आठवतं? तोही सोडणार नाही. मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. त्याच्या हातात एक युरो दे आणि काय घ्यायचं ते त्यालाच ठरवू दे. माझ्या लेकीने गंजलेली चावी घेतली होती. कुलूप नव्हतंच. तिथेही चावीला 'शाव' म्हणतात हे विकणाऱ्या आजोबांनी तिला दोनदा म्हणून दाखवलं. ती चावी अजून माझ्या कपाटात आहे.

पोचलीस की पत्र लिही. पहिला शब्द कोणता सापडला ते त्यालाच सांगायला लाव, आणि तो म्हणेल तसाच लिही.

तुझ्या शाळेतल्या,
बाई