शहर नंतर ठरवू, आधी ती पॉलिसी बाहेर काढा

साताऱ्याहून एका दंतवैद्य वाचक मुलीचं लांबलचक पत्र आलंय. वय २७, ऑर्थोडोंटिक्समध्ये (म्हणजे तारा लावून दात सरळ करण्यात) एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेऊन सहा महिने झालेत. ‘आता कुठल्या शहरात स्थायिक व्हावं?’ हा तिचा प्रश्न. बेंगळुरूत दातांच्या दवाखान्यांच्या एका साखळीत महिना ८५ हजारांची ऑफर आहे. पुण्यात दोन-तीन क्लिनिकांत कन्सल्टंट म्हणून जाता येईल, ‘सीनियर म्हणतात महिना ५५ हजार सहज सुटतात’. नाशिकला मामांचा गाळा रिकामा आहे, तिथे स्वतःचं क्लिनिक काढायचं तर वडील निवृत्तीचे २२ लाख द्यायला तयार आहेत. तीन शहरांची हवा, ट्रॅफिक, मैत्रिणी, भाषा असं सगळं तिने मनापासून लिहिलंय.

आणि पत्राच्या शेवटी चार ओळी: ‘शिक्षणाचं कर्ज ३० लाख आहे, साडेदहा टक्क्यांनी. पण मोरॅटोरियम अजून सहा महिने आहे, त्यामुळे तूर्त टेन्शन नाही. कॅल्क्युलेटरवर हप्ता ४० हजार दाखवतो. शिवाय कर्ज घेताना बँकेतल्या मॅडमनी विम्याचा एक गॅरंटेड प्लॅन दिलाय, वर्षाला दीड लाख, बाबा भरतात. कर्जाचे हप्ते त्यातूनच निघतील असं त्या म्हणाल्या होत्या.’

डॉक्टर, तुमचं शहर या चार ओळींमध्ये अडकलंय. तेव्हा हवापाण्याचं नंतर बघू.

मोरॅटोरियम म्हणजे हप्त्याला सुट्टी, व्याजाला नव्हे. तुम्ही लिहिलंय की दरवर्षी फीच्या वेळी दहा-दहा लाख उचलले. पहिल्या दहा लाखांवर आजवर साडेतीन वर्षांचं व्याज चढलं, दुसऱ्यावर अडीच वर्षांचं, तिसऱ्यावर दीड. सरळव्याजाने धरलं तरी पावणेआठ लाखांच्या पुढे जातं. उरलेल्या सहा महिन्यांचे आणखी दीड-पावणेदोन लाख. म्हणजे पहिला हप्ता येईल तेव्हा तुमच्या नावावर ३० लाख नसतील, साडेएकोणचाळीस लाख असतील. दहा वर्षांच्या मुदतीला त्याचा हप्ता ५३ हजार. तुम्ही कॅल्क्युलेटरमध्ये ३० लाख टाकलेत म्हणून त्याने ४० हजार सांगितले, त्याचा काय दोष? महिन्याला १३ हजारांचा फरक म्हणजे दहा वर्षांत साडेपंधरा लाख. दर महिन्याचं व्याज तेव्हाचं तेव्हा भरलं असतं तर हे झालं नसतं.

‘शिकत असताना व्याज कुठून भरणार?’ असं तुम्ही म्हणाल. पैसे होते की! दीड लाखाप्रमाणे चार वेळा, सहा लाख रुपये बाबांनी भरलेच. फक्त ते कर्जखात्यात न जाता त्या प्लॅनमध्ये गेले. साठलेलं व्याज पावणेआठ लाख, भरलेला प्रीमियम सहा लाख. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून बाबांना दाखवा. जास्त काही बोलायची गरज पडणार नाही.

आता प्लॅन. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत एवढंच कळतंय: दहा वर्षं दीड लाख भरायचे, बाराव्या वर्षाअखेरीपासून दहा वर्षं दरसाल तीन लाख मिळणार. ‘दुप्पट’ हा शब्द ठळक छापलाय, ‘गॅरंटेड’ त्याहून ठळक. प्रत्येक प्रीमियम बारा वर्षांनी दुप्पट होऊन परत येतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की ढोबळ व्याजदर मिळतो. ७२ ला १२ ने भागा, सहा टक्के आले. साडेदहा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना सहा टक्क्यांत पैसे गुंतवायचे, तेही एकवीस वर्षं, आणि याला म्हणायचं नियोजन! ‘हप्ते यातून निघतील’ हे तर ऐकवत नाही. तुमचे हप्ते सहा महिन्यांनी सुरू होणार, प्लॅनचे पैसे साडेआठ वर्षांनी. मधली आठ वर्षं बँक काय आशेवर थांबणार आहे?

विम्याच्या दृष्टीनेही त्यात दम नाही. कव्हर प्रीमियमच्या दहापट, म्हणजे १५ लाख. कर्ज साडेएकोणचाळीस. सहकर्जदार बाबा, तारण साताऱ्याचं घर. तुमचं काही बरंवाईट झालं तर विम्याचे सगळे पैसे कर्जात घालूनही चोवीस-पंचवीस लाख एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या अंगावर येतात. तुमच्या वयाच्या, तंबाखूच्या वाटेला न गेलेल्या स्त्रीला एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) वर्षाला ढोबळ दहा-बारा हजारांत मिळतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तो याच महिन्यात घ्या. पॉलिसी हातात पडली की मगच जुनीला हात लावा.

जुनीचं काय? पाचवा प्रीमियम भरायचा नाही, हे नक्की. पुढचा प्रत्येक प्रीमियमसुद्धा त्याच सहा टक्क्यांचा आहे, म्हणजे भरत राहून आधीचा तोटा भरून निघत नाही. राहिले दोन रस्ते. एक, सरेंडर: पॉलिसी मुदतीआधी बंद करून मिळतील ते पैसे घ्यायचे. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या आधीची, म्हणून जुनाच हिशोब धरू: चौथ्या वर्षी भरलेल्या पैशांच्या निम्मे, साधारण तीन लाख. (नव्या नियमांत पहिल्या वर्षानंतरही काहीतरी हातात पडतं. ती दया तुमच्या वेळी नव्हती.) दोन, पेड-अप: पुढे काही भरायचं नाही, पॉलिसी लहान होऊन चालू राहते आणि कधीतरी वर्षाला लाख-सव्वा लाख देते. साडेदहा टक्क्यांनी आजच्या किमतीला आणलं तर दोन्ही पर्याय जवळपास बरोबरीत येतात. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. फार तफावत नसेल तर मी सरेंडर करून ते तीन लाख त्याच दिवशी कर्जखात्यात टाकेन, कारण ती बचत आजपासून सुरू होते. तीन लाख बुडाले म्हणून वाईट वाटेल, वाटू दे. ते आज नाही बुडाले, सही केली त्या दिवशीच बुडाले.

‘ही पॉलिसी घेतली तर कर्ज लवकर मंजूर होईल’ असं मॅडम म्हणाल्या होत्या, असंही तुम्ही कंसात लिहिलंय. कंसात का? तीच मुख्य गोष्ट आहे. कर्जाला विम्याची अट घालायचा बँकेला अधिकार नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. उत्तर समाधानकारक नसेल तर विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल, मग विमा लोकपाल. तिथे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. पण साडेतीन वर्षं झाली, सह्या तुमच्याच, आणि तोंडी आश्वासनाचा पुरावा नाही. अर्ज जरूर करा, त्याच्या भरवशावर काही ठरवू मात्र नका.

आता शहर. वाईट बातमी अशी की ५३ हजारांचा हप्ता तिन्ही शहरांत बसत नाही. म्हणून आधी बँकेत जाऊन मुदत पंधरा वर्षं करून घ्या. व्यक्तीने धंद्यासाठी न घेतलेल्या, तरत्या (बदलत्या) व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो, त्यामुळे लांब मुदत घेऊन लवकर फेडता येतं, उलटं जमत नाही. सरेंडरचे तीन लाख टाकले आणि उरलेले सहा महिने दरमहा २६ हजार व्याज भरलंत, तर कर्ज ३५ लाखांवर थांबेल. पंधरा वर्षांचा हप्ता साडेअडतीस हजार. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पुणे. तुमच्या सीनियर मंडळींचे ‘सहज ५५ हजार’ जरा सोलून बघू. तुम्हीच लिहिलंय की क्लिनिककडून कन्सल्टंटला एका केसमागे साधारण १५ हजार मिळतात आणि केस दीड वर्ष चालते. म्हणजे एका पेशंटमागे महिना आठशे-साडेआठशे. ५५ हजारांसाठी एका वेळी ६६ पेशंटच्या तोंडात तुमच्या तारा हव्यात. महिन्याला तीन नव्या केस मिळाल्या, आणि नवख्या माणसाला तीन म्हणजे बऱ्याच, तरी सहाव्या महिन्यात हाती १५ हजार. पेट्रोल त्यातूनच, ब्रॅकेट-पक्कडींची बॅग घेऊन कोथरूडहून हडपसरला जाणंही त्यातूनच. सीनियर खोटं बोलत नाहीत. ते पाचव्या वर्षाचं उत्पन्न सांगतात, तुम्ही ते पहिल्या महिन्याला लावता. पुणे तुमच्यासाठी वाईट नाही, पण साडेअडतीस हजारांचा हप्ता घेऊन आज तिथे जाता येणार नाही.

नाशिक. मामांचा गाळा फुकट, म्हणून क्लिनिक स्वस्त वाटतं. गाळा ही त्यातली सगळ्यात लहान रक्कम आहे. खुर्ची, एक्स-रे, फर्निचर, रिसेप्शनिस्टचा पगार आणि पेशंट येईपर्यंतचे महिने, त्यात २२ लाख कधी गेले कळणार नाही. नाशिकमध्ये डेंटल कॉलेज आहे, डेंटिस्टांची वानवा नाही. शिवाय ऑर्थोडोंटिस्टचं काम येतं इतर डेंटिस्टांकडून. तुम्ही बाजूच्या गल्लीत पाटी लावलीत की तुम्हाला केस द्यायला कोण बोलावेल? हा पैशाचा प्रश्न वाटत नाही, पण आहे. आणि घरी लग्नाचं बघतायत असं तुम्हीच लिहिलंय. नोकरी बदलता येते, प्लंबिंग करून बसवलेली खुर्ची उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

बाबांच्या २२ लाखांबद्दल एक खरं सांगतो. निव्वळ गणित म्हणतं, ते पैसे मुदत ठेवीत सडवण्यापेक्षा साडेदहा टक्क्यांच्या कर्जात टाका. गणित चूक नाही. तरी मी टाकू देणार नाही, क्लिनिकमध्ये तर नाहीच. त्यांना पेन्शन आहे, महिन्याचं भागेल. पण एकदम पाच-सात लाख लागले तर दुसरी जागा नाही, घर आधीच तारण आहे, आणि निवृत्त माणसाला कर्ज कोण देतं? तुमच्यापुढे कमवायला तीस वर्षं आहेत, त्यांच्यापुढे नाहीत. ते ‘तुझ्यासाठीच आहे सगळं’ म्हणतील. म्हणू देत.

तर बेंगळुरू, दोन वर्षांसाठी. स्थायिक व्हायला नव्हे. पण ऑफर लेटर नीट वाचा. पगार आहे की ‘प्रोफेशनल फी’? अशा साखळ्या बऱ्याचदा डॉक्टरला कन्सल्टंट दाखवतात. मग ८५ मधून दहा टक्के टीडीएस कापून हातात साडेशहात्तर येतात, पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. वर्षाला सव्वादहा लाखांवर नव्या करप्रणालीत तुम्हाला कर बसणार नाही, म्हणजे कापलेला लाखभर रिटर्न भरल्यावर परत येईल. तो आला की थेट कर्जात. रिटर्न भरायला विसरलात तर एका महिन्याच्या कमाईहून जास्त सरकारकडे पडून राहील. करारात बाँड किती, मध्येच सोडलं तर काय, आणि सोडल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायला बंदी आहे का, हेही बघा. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायची नाहीत. डेंटल कौन्सिलची नोंदणी कर्नाटकात न्यायला किती दिवस लागतात, याची चौकशी रुजू होण्याआधी करा.

तिथे घर लगेच घेऊ नका. बेंगळुरूत पाच-सहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात, काही घरमालक दहाही. एवढे पैसे तुमच्याकडे नाहीत आणि बाबांकडून आणायचे नाहीत. आधी सहा महिने पीजी. साडेशहात्तरातून साडेअडतीस हप्ता गेल्यावर ३८ हजार राहतात. त्यात एकट्या माणसाचं नीट भागतं, मात्र ब्रंच दर रविवारी नाही.

दोन वर्षांनी, रिफंड कर्जात टाकत राहिलात तर, ३१ लाखांच्या आसपास येऊन पोचाल. तेव्हा हातात शे-दीडशे केसचा अनुभव असेल आणि ‘महिन्याला नव्या केस किती मिळतात’ याचं उत्तर कोणाला विचारावं लागणार नाही. पुणे की नाशिक हे तेव्हा परत लिहा. फक्त एक लक्षात ठेवा: तुमच्या विषयात शहर सोडायचं तर दीड वर्ष आधी ठरवावं लागतं, नाहीतर अर्ध्यावर आलेल्या तारा दुसऱ्याच्या हवाली करून निघावं लागतं. साखळीत ती सोय असते, स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये नसते. आत्ता नोकरी बरी म्हणायचं हेही एक कारण.

पाचव्या प्रीमियमची तारीख आणि पहिल्या हप्त्याची तारीख एकाच महिन्यात येतायत. बाबांच्या खात्यावरचं प्रीमियमचं ऑटो-डेबिट त्याच्या महिनाभर आधी लेखी अर्ज देऊन बंद करा, पोच घ्या. त्या आठवड्यात मॅडमचा फोन येईलच. ‘आता बंद केलंत तर मोठं नुकसान होईल’, ‘फक्त एक वर्ष भरा’, किंवा ‘ही बंद करून आमचा नवा प्लॅन घ्या, तो याहून छान आहे’ यापैकी काहीतरी ऐकवतील. जे सांगायचं ते ईमेलवर सांगा म्हणावं. आणि त्या कामासाठी बाबांना एकट्याला बँकेत पाठवू नका, ते नवा फॉर्म भरून परत येतील.