बोटीवर जायचंय, पण जेवणाचं काय?

'माझ्या मुलाची अन्ननलिका जन्मतःच अर्धवट होती. दीड वर्षाचा असताना जठर छातीत ओढून मानेपाशी जोडलं. आता तो अकरावी सायन्सला आहे, तब्येतीनं बारीक, पण ठणठणीत. मर्चंट नेव्हीचा हट्ट धरलाय. बेलापूरचा एक एजंट म्हणतो, ऑपरेशनचं बोलू नका, सीट बुक करा. काय करू?' – एक आई, नेरुळ

ताई, त्या एजंटला आधी नमस्कार करा आणि पैसे खिशातच ठेवा. पोटावरचे, मानेवरचे व्रण मेडिकलमध्ये दिसणारच. प्रवेशाआधीच डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) मान्यताप्राप्त डॉक्टरकडे सगळी फाइल घेऊन जा. फिट की अनफिट हे मी सांगू शकत नाही, ते त्यांनीच ठरवायचं.

पण मेडिकलच्या पलीकडचंही बघा. अशा ऑपरेशननंतर सुरुवातीची भीती असते मानेतला जोड गळण्याची, मग तो अरुंद होण्याची. म्हणून कितीदा तरी डायलेटेशन, म्हणजे तो जोड ताणून रुंद करणं, करावं लागतं. ते दिवस तुम्ही काढलेत. बरीचशी मुलं पुढे तोंडानं नीट जेवतात, शाळा-कॉलेज करतात. तरी वर ओढलेलं जठर हळू रिकामं होतं किंवा कधी एकदम. मग जेवल्यावर घाम, धडधड, चक्कर. आडवं झालं की अन्न वर येतं, रात्री खोकला लागतो. लोह आणि बी-१२ कमी पडू शकतं.

आता हे बोटीवर नेऊन बघा. चार तास वॉच (ड्यूटी), आठ तास सुट्टी, जेवण मेसच्या वेळेला, हलत्या बंकवर झोप. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. घास अडकला आणि किनारा चार दिवसांवर असला तर? मला खरी काळजी याचीच वाटते.

त्याला विचारा, नक्की काय हवंय? समुद्र, पगार की होर्डिंगवरची पांढरी वर्दी? वर्दीच हवी असेल तर माझ्याकडे उत्तर नाही. जहाजंच आवडत असतील तर आयएमयू-सीईटी (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा) जरूर द्यावी, पण नेव्हल आर्किटेक्चरसाठी. विशाखापट्टणमला बी.टेक. आहे, काम जहाजांच्या डिझाइनचं, किनाऱ्यावरचं. बंदर आणि लॉजिस्टिक्स तर तुमच्या दारातच. २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, न्हावा-शेवा बंदराकडे एकदा फिरवून आणा.

विशाखापट्टणम म्हणजे हॉस्टेल आलंच. थोडं थोडं पाच-सहा वेळा खाणं, जेवून लगेच आडवं न होणं, उशाकडून पलंग उंच ठेवणं हे आतापासून त्यानं स्वतः सांभाळायला हवं, तुम्ही आठवण न करता. कॉलेजबाहेरचा वडापाव घाईत गिळतो का, तेही बघा.

आणि त्याच्या सर्जनना भेटून बरीच वर्षं झाली असतील तर दिवाळीच्या सुट्टीत जाऊन या. वरच्या उरलेल्या अन्ननलिकेची एंडोस्कोपी हवी का, हेही विचारा.