विमानाच्या पत्र्याचा की-टॅग खरा आहे हे कसं ओळखायचं?

मोडीत काढलेल्या विमानाच्या बाहेरच्या पत्र्याचे तुकडे कापून किल्लीला लावायचे टॅग बनवतात. अशा टॅगवर कोरलेला विमानाचा नोंदणी क्रमांक आधी शोधा, कारण चांगले विक्रेते विमानाचा प्रकार, हा क्रमांक आणि एकूण किती नग काढले हे सांगतातच. भारतीय विमानाचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो. तो ऑनलाइन टाकला की विमान कधी बनलं, कोणी उडवलं, कधी मोडीत निघालं हे बहुधा सापडतं. अजून उडत असलेल्या विमानाचा क्रमांक असेल तर टॅग खोटा, पैसे वाचले समजा!

मी नागपुरातच विमानांच्या शीट मेटलच्या कामात आहे, त्यामुळे तुमचा टॅग हातात घेऊन मी काय पाहीन ते सांगतो. जुन्या जेट विमानांचा बाहेरचा पत्रा मुख्यतः ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूचा असतो: हलका, लोहचुंबक अजिबात न चिकटणारा. एका बाजूला विमान कंपनीचा मूळ रंग, ओरखडे, कडेला रंगाचे थर दिसतात. आतल्या बाजूला कित्येकदा हिरवट किंवा पिवळसर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. सगळे टॅग अगदी एकसारखे गुळगुळीत असतील तर मला शंका येते. आणि बोइंग ७८७ च्या 'बॉडीचा ॲल्युमिनियम पत्रा' म्हणून कोणी देत असेल तर सरळ नाही म्हणा, तिची बॉडी कार्बन फायबरची असते.

आपल्या नागपूर विमानतळावर १९९१ पासून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बोइंग ७२० चा तुकडा म्हणून काही आलं, तर व्हीटी-ईआरएस हा क्रमांक बघा. फक्त एक लक्षात ठेवा: क्रमांक कोणत्याही पत्र्यावर कोरता येतो. विमान कुठे तोडलं याचा कागद विक्रेत्याकडे नसेल तर शोभेच्या वस्तूची किंमत द्या, त्याहून जास्त नको.