भजन-नाट्यसंगीत ऐकणाऱ्याने सॅक्सोफोनवरचा जॅझ कुठून ऐकायला लागावं? गाणाराच नाही, तर धरायचं काय?

अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलॉसस' हा अल्बम ऐका. दुसरं नाव देत नाही. चार नावं दिली की माणूस एकही नीट ऐकत नाही.

'धरायचं काय' हा प्रश्न मलाही पडला होता. मी वेंगुर्ल्याकडचा, डबलबारीच्या भजनांवर वाढलेला. सॅक्सोफोन ऐकला होता तो वरातीच्या बँडात, तोही सनईची कामं करताना.

हा अल्बम २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीत हॅकेनसॅकला ध्वनिमुद्रित झाला. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ तेव्हा त्याच्या आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीतच होता. माणसं चारच: रोलिन्सचा टेनर सॅक्स, टॉमी फ्लॅनगनचा पियानो, डग वॉटकिन्सचा डबल बास आणि मॅक्स रोचचे ड्रम्स. रचना पाच, वेळ चाळीसेक मिनिटं. आपल्या बुवाची पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यात जसं सगळं भागतं, तसंच.

पहिली 'सेंट थॉमस'. रोलिन्सची आई कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरची, ही चाल त्याने तिच्याकडून लहानपणी ऐकलेली. सुरुवात ड्रम्सवर. चाल सोळा मात्रांची नाही, सोळा बारांची (इथे एक बार म्हणजे चार मात्रांचा गट), पण फिरून पुन्हा त्याच जागी येते. म्हणजे आवर्तनच समजा. आता रोलिन्सचा सोलो, म्हणजे त्याने एकट्याने केलेला विस्तार, नीट ऐका. तो फक्त दोन सूर वाजवतो आणि थांबतो. पुन्हा तेच दोन, जरा पुढे सरकवून. पुन्हा, जरा मागे ओढून. मग त्यातूनच लांब वाक्यं निघायला लागतात. बुवा एकच ओळ घोळवत बसतो ना, तसं. धरायचं ते हे दोन सूर.

आमचे काका भजनात पखवाज वाजवतात. त्यांना रोचचा सोलो ऐकवला. डोळे मिटून मांडीवर बोटं चालली होती. संपल्यावर म्हणाले, "बरो वाजवता. हेका घाई नाय." तिथून पुढे लय बदलते, कॅलिप्सोची (कॅरिबियन बेटांवरचा नाचता ठेका) स्विंग (जॅझची झुलती लय) होते. ते त्यांनी माझ्याआधी पकडलं.

मधल्या रचना हव्या तशा ऐका. खरा ऐवज शेवटी आहे, 'ब्लू सेव्हन', अकरा मिनिटांचा, बारा बारांच्या ब्लूजवरचा, म्हणजे बारा बारांनी पुन्हा फिरून येणाऱ्या आवर्तनावरचा. अमेरिकन संगीतकार आणि लेखक गुंथर शुलरने १९५८ साली या वादनावर अख्खा लेख लिहिला, रोलिन्स सोलोतही मूळ थीमचे तुकडे कसे धरून ठेवतो यावर. भजन-नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, बढत आपल्याला ओळखीची आहे. (जाता जाता: साठच्या दशकाच्या अखेरीस हाच रोलिन्स योग शिकायला पवईच्या आश्रमात राहून गेला.)

फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी पहिल्यांदा फोन पितळी टोपात उभा करून लावला होता, पावसात दुसरं काही ऐकू येईना म्हणून. 'ब्लू सेव्हन' सुरू झालं आणि आवाजच नाही. वाटलं रेंज गेली. दोनदा बंद करून लावलं. नंतर मुलीचे हेडफोन घातले तेव्हा कळलं, सुरुवातीला एकटा बास चाललेला असतो, तो टोपात पोचलाच नव्हता.