लफ्रॉइग डिस्टिलरीचा इतिहास काय आहे? तिथल्या व्हिस्कीला औषधासारखा वास का येतो?

ही डिस्टिलरी मी आत फिरून पाहिली आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्राला अगदी खेटून लफ्रॉइगच्या पांढऱ्या इमारती आहेत. डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी ती 1815 साली सुरू केली. 1847मध्ये डोनाल्ड वारला. अर्धवट तयार झालेल्या दारूच्या पिंपात तो पडला, असं सांगतात.

आता वासाचं. नाचणीचं सत्त्व करताना आपण धान्य भिजवून मोड आणतो आणि वाळवतो, तसंच इथे जवाचं करतात. फक्त वाळवताना पीटचा धूर देतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबत गेलेलं शेवाळ आणि झाडपाला. ते विटांसारखं कापायचं, वाळवायचं आणि गोवऱ्यांसारखं जाळायचं. बहुतेक डिस्टिलऱ्या माल्ट, म्हणजे असे मोड आणून वाळवलेले जव, विकत आणतात. लफ्रॉइग अजूनही थोडा माल्ट स्वतःच्याच आवारात, एका खोलीच्या फरशीवर जव पसरून करते. त्या खोलीत जव घोटाभर जाडीने पसरलेले होते, वास ओल्या गवतासारखा. ते सारखे उलटत राहावे लागतात, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून गोळा होतो. खालच्या भट्टीत पीट भडकू देत नाहीत, धुमसत ठेवतात. तुम्हाला येणारा तो आयोडिनसारखा वास मुख्यतः या धुरातल्या फिनॉल्स नावाच्या रसायनांचा. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हाही लफ्रॉइग तिथे औषध म्हणून विकली जायची!

शेजारी लागाव्हुलिन नावाची दुसरी डिस्टिलरी आहे. तिथला मालक पीटर मॅकी लफ्रॉइगची विक्री सांभाळायचा. 1907च्या सुमारास जॉन्स्टन कुटुंबाने ते काम काढून घेतलं, तेव्हा त्याने चिडून त्यांचं पाणी दगड टाकून अडवलं. कोर्टाने ते मोकळं करायला लावलं. मग 1908मध्ये त्याने स्वतःच्या आवारात ‘माल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी काढली, दारू गाळायची भांडी लफ्रॉइगच्या धर्तीवर बनवून घेतली. चव काही जमली नाही. शेजारच्याच गावात, तोच समुद्र, तेच पीट, आणि तरीही नाही! मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि बेसी विल्यमसन. ग्लासगोहून ही पदवीधर मुलगी 1934 साली उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली. मालक इयन हंटर हा जॉन्स्टन घराण्याचा शेवटचा वारस, कोणावर सहज विश्वास न टाकणारा. 1938मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि कारभार हळूहळू बेसीबाईंकडे गेला. युद्धात लष्कराने जागा वापरली, तेव्हाही त्यांनीच ती सांभाळली. हंटरला मूलबाळ नव्हतं. 1954मध्ये तो गेला तेव्हा डिस्टिलरी त्याने त्यांच्या नावे केली होती. त्या काळात व्हिस्कीच्या धंद्यात इतक्या वरच्या जागी बाई जवळपास दिसतच नसे. पुढे विस्ताराला पैसा लागला, म्हणून त्यांनी टप्प्याटप्प्याने आपला हिस्सा एका मोठ्या कंपनीला विकला आणि 1972 साली निवृत्त झाल्या.

आज मालकी सनटोरी या जपानी समूहाकडे आहे. कधी आयलाला गेलात, तर जव पसरलेली ती खोली पाहिल्याशिवाय परतू नका.