दगड लागून पुढच्या काचेचा टवका उडालाय. भरून घ्यावा की काचच बदलावी?

तुम्ही लिहिलंय की टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान आहे, त्यातून बोटाच्या पेराएवढी एक चीर निघालीय आणि जागा डावीकडच्या सीटसमोर, काचेच्या साधारण मध्यावर आहे. एक कारागीर 'भरून देतो' म्हणतो, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात 'काच बदलावीच लागेल, इन्शुरन्समध्ये होऊन जाईल'. एवढ्या वर्णनावरून माझं उत्तर: भरून घ्या, आणि याच आठवड्यात घ्या.

मी कराडला गाड्यांच्या काचा बसवतो. सातारा-कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून डंपरच्या मागून आलेल्या गाड्यांचे टवके हा आमच्याकडे रोजचा विषय आहे. नवी काच बसवण्यात मला जास्त पैसे मिळतात, तरीही भरून भागत असेल तर कारखान्यातून बसून आलेली काच उखडू नये असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. ती स्वच्छ, नव्याने रंगलेल्या पत्र्यावर चिकटवलेली असते. एकदा ती कापून काढली की पुढचं सगळं बसवणाऱ्याच्या हातावर.

आधी तुमची काच भरण्याजोगी आहे का ते घरीच बघा. पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि त्यांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पडदा. म्हणूनच ती फुटली तरी तडकून जागच्या जागी राहते. दाराच्या काचा वेगळ्या, टफन्ड; त्या फुटल्या की खडीसाखरेसारखे खडे होऊन सीटवर पसरतात, त्यांना भरण्याचा प्रश्नच येत नाही. पुढच्या काचेवर दगड बसतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरचा थर तुटतो. गाडीत बसा आणि टवक्याच्या बरोबर मागे आतून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर काम होण्यासारखं आहे. नख अडलं तर दोन्ही थर गेलेत, काच बदला.

घाई का करायची, तर काच दाबाला दणकट आणि ताणाला कच्ची असते. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. त्यात ओल शिरली की टोक आणखी सहज पुढे सरकतं. उन्हात तापलेल्या गाडीवर गार पाण्याचा पाइप मारला, दुपारी गाडीत बसल्या बसल्या एसीचा झोत काचेवर सोडला, किंवा खड्ड्यात एक चाक आपटून बॉडीला पीळ बसला, की काल पेरभर असलेली चीर आज वीतभर झालेली असते. मग लोक सांगतात की आपोआप वाढली, आम्ही हातसुद्धा लावला नाही.

कारागिराकडे नेईपर्यंत कोरड्या टवक्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. आत धूळ, पाणी आणि गाडी धुण्याचा शाम्पू जाता कामा नये, कारण भरायचं रेझिन घाणीला धरत नाही. आणि कृपा करून फेविक्विक घालू नका. व्हिडिओ बघून घातलेल्या गाड्या येतात. ते आत घट्ट होऊन बसतं, मग रेझिनला शिरायला जागाच उरत नाही आणि सरळ काम वाकडं होतं.

भरण्याची पद्धत अशी: टवक्यातली सुटी कणी सुईने काढतात, आतली ओल घालवतात, काचेवर एक छोटं यंत्र चिकटवून आधी आतली हवा ओढून घेतात आणि मग दाबाने रेझिन भरतात. हे ओढणं-दाबणं आलटून पालटून करावं लागतं, आणि घाईने करणाऱ्याचं काम इथेच फसतं. मग अतिनील दिव्याखाली काही मिनिटं ठेवून ते घट्ट करतात, वर आलेलं ब्लेडने खरवडून पॉलिश करतात. तासाभराच्या आत गाडी मोकळी. टवक्याच्या आकारावर आणि शहरावर अवलंबून पाचशे ते दीड हजार रुपये लागतात. डाग पूर्ण जाईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रेझिनमधून प्रकाश काचेसारखाच वाकतो म्हणून खूण फिकट होते, पण नीट बघितलं तर दिसतेच. खरा फायदा हा की चीर तिथेच थांबते.

काही टवके मी स्वतः भरायला नाही म्हणतो. ड्रायव्हरच्या नजरेसमोरचे, कारण भरलेल्या जागी रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. काठापासून दोन इंचांच्या आतले, कारण तिथे काचेवर आधीच ताण असतो आणि चीर बहुतेक वेळा पुढे पळतेच. पंधरा सेंटिमीटरच्या वर गेलेल्या चिरा. आणि आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या पुढ्यातले.

समजा बदलावीच लागली, तर सगळे 'ओरिजिनल काय, डुप्लिकेट काय' एवढंच विचारतात. काचेच्या कोपऱ्यातला छापा वाचा. भारतात बनणाऱ्या बहुतेक मोटारींना काच पुरवणाऱ्या मुख्य दोन कंपन्या, सेंट-गोबेन सेक्युरिट आणि असाही इंडिया. सेंट-गोबेनचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. त्यांचीच काच गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेली, बाजारात स्वस्त मिळते आणि तिच्यात वाईट काही नसतं. आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक छाप्यात असला पाहिजे. एवढं बघितलं की काचेचा विषय मिटला.

चिकटवण्याचा विषय मात्र मोठा आहे. आजकालच्या मोटारीत काच पॉलियुरेथेनने, आमच्या भाषेत पीयूने, बॉडीला चिकटवतात. गाडी उलटली तर छत तोलायला ती मदत करते आणि बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते. काच नीट चिकटलेली नसेल तर एअरबॅग तिला बाहेर ढकलून देईल. म्हणून 'सिलिकॉन मारतो, स्वस्तात होईल' म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. जुनी काच कापताना सुरी पत्र्याला लागून रंग निघतो. तिथे प्रायमर न लावता वर पीयू ओढलं तर दोन-तीन पावसाळ्यांत गंज आतून खातो आणि पायाखालचं मॅटिंग ओलं राहायला लागतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर आणखी लवकर. जमलं तर जुनी काच निघाल्यावर स्वतः उभे राहून चौकट बघा, मोबाइलवर फोटो काढा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

पीयू पावसाळ्यात सुकत नाही हा गैरसमज आहे. ते हवेतल्या दमटपणावरच घट्ट होतं. अडचण येते ती पत्रा किंवा काच ओली असली तर. गाडी किती वेळाने चालवायची ते पीयूच्या प्रकारावर ठरतं, त्यामुळे कारागिराला विचारा आणि तो सांगेल तेवढं थांबा. पहिला दिवसभर एक काच बोटभर उघडी ठेवा. सगळं बंद असताना दार धाडकन लावलं की आतली हवा ताज्या चिकटलेल्या काचेला बाहेर रेटते. दोन दिवस प्रेशरने गाडी धुवू नका.

आता 'इन्शुरन्समध्ये होऊन जाईल' या वाक्याकडे येतो. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच मिळत नाही. फुल पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, हे खरं. पण १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये तुमचे जातात, त्यावरच्या गाडीला २०००. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. धरून चला की तुमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता बोनसआधी ८००० आहे आणि आत्ता ३५ टक्के बोनस चालू आहे. क्लेम केला नाही तर पुढची तीन वर्षं ४५, ५०, ५० टक्के मिळतील. केला तर शून्य, २०, २५. फरक झाला ४५, ३० आणि २५, म्हणजे तीन वर्षांत मिळून एका आख्ख्या हप्त्याएवढे ८००० रुपये. गाडी जुनी होत जाते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे आकडा थोडा कमी भरेल. पण साध्या छोट्या गाडीची काच बसवून पाच-सहा हजारांत होत असेल तर क्लेम करण्यात तोटाच आहे. कॅमेरा आणि रेन सेन्सरवाली वीस-पंचवीस हजारांची काच असेल, किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल, तर खुशाल करा. फक्त काच काढण्याआधी कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. आधी बसवून मग क्लेम मागणाऱ्यांना हात हलवत परत यावं लागतं. कॅमेऱ्याच्या गाडीत काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर लेन आणि ब्रेकची मदत चुकीच्या अंदाजाने चालते. ते काम बिलात धरलंय का, हे आधी लिहून घ्या.

आणि फास्टॅग. तो जुन्या काचेबरोबर जातो, सोलून नव्या काचेवर लावला तर आतली तार तुटते. ज्या बँकेचा आहे तिच्याकडून बदली टॅग मागवा. शिल्लक रक्कम त्याच खात्यात राहते, टॅगचे थोडे पैसे लागतात. नंबरप्लेटबरोबर आलेला, काचेवर डावीकडे आतून लावलेला होलोग्रामचा स्टिकरही तसाच. तो काढायला गेलं की फाटतो, नवीन घ्यावा लागतो. काच बदलायचीच वेळ आली तर टॅग हातात आल्यावरच गाडी आणा, नाहीतर परतीच्या वाटेवर पहिल्याच टोलनाक्याला जास्तीचे पैसे मोजाल.