हरणाऱ्या संघाचा हंगाम कसा पाहावा

आपल्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ ओळीने हरत असताना पहिल्यांदाच हंगामाचे तिकीट काढणाऱ्या तुमच्यासारख्या नवख्या प्रेक्षकाला माझे कळकळीचे सांगणे आहे, की केवळ गुणफलकावरून संघाची पारख करू नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे असतात; तिसऱ्या प्रयत्नाला चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या आपल्या पुढच्या पाच जणांच्या फळीकडे पाहा. ती दोन-तीन सेकंदही तग धरत नसेल, तर क्वार्टरबॅकला, म्हणजे फळीमागून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

कॅन्सस स्टेट या अमेरिकन विद्यापीठाच्या संघाचा इतिहास मला फार धीर देतो. १९८९ मध्ये प्रशिक्षक बिल स्नायडर यांनी सूत्रे हाती घेतली, तेव्हा आधीच्या २७ सामन्यांत संघाला एकही विजय मिळालेला नव्हता. त्यांच्याही पहिल्या वर्षी दहा पराभव झाले आणि नॉर्थ टेक्ससविरुद्धचा २०-१७ हा एकमेव विजय अगदी शेवटच्या क्षणी हाती आला. पण पुढच्या वर्षी पाच, त्यापुढच्या वर्षी सात सामने जिंकले गेले.

म्हणून बाके रिकामी होऊ लागली, तरी चौथ्या सत्रात उठू नका. सामना हातचा गेला, की प्रशिक्षक बहुधा तेव्हाच नव्या मुलांना मैदानात उतरवतात. त्यांचे क्रमांक टिपून ठेवा.